पहिला दाब

तिसरा दाब

"ठणठणीत आहे!" मिस्त्रीकाका म्हणाले. त्यांनी पुढच्या ब्रेकचा लिव्हर टक, टक, टक असा तीनदा दाबला आणि सायकल सरांपुढे धरली. "तुम्हीच बघा ना. दगड आहे दगड!"

सरांनी दाबून पाहिला. दगडच.

मग सर ताईकडे वळले. खोक्यांच्या चळतीवरून पडलेली ताई खाली गादीवर बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. ते मनगट आता मनगटासारखं दिसत नव्हतं.

"ब्रेकला बोल लावू नकोस," सर म्हणाले. "बोट सटकलं तुझं."

"नाही सटकलं, सर! लिव्हर गेला. पार मुठीपर्यंत गेला. आत काही नव्हतंच!"

"आत काही नव्हतं म्हणे! मग आता कुठून आलं?"

 ताईचं हेल्मेट पोटाशी धरून मुंगी शेजारी उभी होती. मुंगी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वय बारा, उंची नवाची, म्हणून मुंगी.

हे झालं मंगळवारी.

मधले दोन दिवस, ज्यात कुणीच काही दाबलं नाही

ट्रायल्सची सायकल पाहिली नसेल तर सांगायला हवं. तिला बैठकच नसते. उभ्यानं चालवायची, खोक्यांवर, ओंडक्यांवर उड्या मारत चढायची, आणि पाय जमिनीला लागला की गुण गेले! सगळी मदार ब्रेकवर. लिव्हर आखूड, दाबायचा एकाच बोटानं. बोट दाबतं लिव्हरला, लिव्हर दाबतो तेलाला, तेल बारीक नळीतून जाऊन चाकावरची चकती दोन्ही बाजूंनी आवळतं. ब्रेक चांगला असला तर बोटाला कळतं, चकती नेमकी कुठे पकडली गेली ते. केसभर आधी नाही, केसभर नंतर नाही.

ताईच्या बोटाला ते कळायचं. मागच्या चाकावर उभी राहून ती मुंगीशी गप्पा मारायची!

आता ती पलंगावर होती. डावा हात प्लास्टरमध्ये, आणि उजव्या हाताची तर्जनी चादरीवर दुमडत होती, उलगडत होती. दुमडत होती. उलगडत होती.

"ताई, काय करतेस?"

"आठवतेय." बोट थांबलं. "सरांचंच बरोबर असेल गं. सटकलं असेल."

"तू तर म्हणालीस..."

"म्हणाले असेन! आई, माझं ते हेल्मेट कुणाला तरी देऊन टाक."

 आईनं हेल्मेट खिळ्यावरून काढलं, मुंगीच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

ताई हरली असती तर मुंगीला चाललं असतं. पडली, हात मोडला, तेही भरून आलं असतं. पण ताईनं आपल्याच बोटावर अविश्वास दाखवला, हे तिला सहन होईना.

दुसरा दाब

शुक्रवारी सकाळी मुंगी सरावाच्या हॉलमध्ये शिरली तेव्हा आत कुणी नव्हतं. आठवड्यापूर्वी जमिनीवर नव्या गाद्या अंथरल्या होत्या, म्हणून सायकली भिंतीवर गेल्या होत्या. एकेक आकडा, त्यात पुढचं चाक अडकवलेलं, मागचं चाक खाली लोंबतंय. ताईची सायकल शेवटून दुसरी.

मुंगीनं ती कशीबशी उतरवली. तर्जनी लिव्हरवर ठेवली, अगदी ताई ठेवायची तशी, आणि दाबलं.

लिव्हर गेला.

सरळ मुठीपर्यंत! ओल्या स्पंजात बोट रुतावं तसा, कुठेही न अडता.

"वकील! डबा! धावा!"

दोघं बाहेरून पळत आले. वकील म्हणजे मुंगीची मैत्रीण. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. डबा म्हणजे डबा. त्याच्या हातात कायम एक डबा असायचा आणि तो कायम रिकामा असायचा.

"बघा! जातोय!" मुंगीनं पुन्हा दाबलं. थोडा गेला. पुन्हा दाबलं.

दगड.

"कुठे जातोय?" वकिलीण बाईंनी कंबरेवर हात ठेवले.

"आत्ता गेला होता! शप्पथ!"

"मुंगे, ताईसाठी तू खोटं बोललीस तरी मी समजून घेईन. पण पुरावा?"

मुंगीचे डोळे भरून आले. ताईला मंगळवारी कसं वाटलं असेल, ते तिला आत्ता कळलं.

डब्याला मात्र ते पटलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आज चार वाजता ताईच्या जागी मी चढणार आहे," तो म्हणाला. "याच सायकलवर. पाच खोकी."

  त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, उंच धरली...

"थांब!" मुंगी ओरडली.

"पाणीपण नको पिऊ?"

"तशीच धर! बाटली उलटी केलीस आणि हवा कुठे गेली बघ!"

बुडबुडा बाटलीच्या वर चढलेल्या बुडापाशी जाऊन बसला होता.

"हवा वर जाते. बरं मग?" वकील म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर भिंतीकडे गेली. टांगलेल्या सायकली. सगळ्यांची पुढची चाकं वर, हँडल खाली.

"लिव्हरपाशी तेलाची डबी असते," मुंगी भरभर बोलू लागली. "तेल कमी झालं असेल तर डबीत हवा. सायकल टांगली की हवा नळीतून वर, पुढच्या चाकाकडे! उतरवून पहिल्यांदा दाबलं की नुसती हवाच दबते."

"आणि दोनतीनदा दाबलं की हवा परत डबीत," वकील हळूच म्हणाली. "म्हणून काकांना कधीच सापडत नाही. ते तीनदा दाबल्याशिवाय बोलतच नाहीत!"

"पण ताईनं त्या दिवशी आधी दाबून नाही पाहिलं?" डब्यानं विचारलं.

"सराव बघायला पाहुणे आले होते ना! सर म्हणाले, चल चल, वेळ नाही. तिनं आकड्यावरून काढली ती थेट खोक्यांवर. चढताना सगळा वेळ मागचा ब्रेक. पुढचा पहिल्यांदा लागला तो वर गेल्यावर..."

मुंगीनं खोक्यांच्या चळतीकडे पाहिलं.

"चला सरांकडे," डबा म्हणाला.

"सांगून काय होणार? ते काकांना बोलावणार. काका टक टक टक करणार. ठणठणीत!" वकिलानं गाद्यांवर रेघा मारायच्या खडूंचं खोकं उचललं. "त्यांनी तीनदा दाबलं तरी पहिल्या दाबाची साक्ष राहिली पाहिजे."

पहिला दाब

सायकल त्यांनी पुन्हा आकड्याला टांगली. ती सकाळपासून चार वाजेपर्यंत लोंबत होती.

चार वाजता सर आले, आणि त्यांच्या मागून मिस्त्रीकाका. सायकल उतरवायला काकांनी हात वर केला आणि थबकले. "हे काय चिकटवलंय?"

प्रत्येक सायकलच्या मुठीवर, लिव्हरच्या अगदी खाली, चिकटपट्टीनं खडूचा एकेक तुकडा लावला होता.

"नवीन खेळ आहे, काका," वकील गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही नेहमीसारखं तपासा. आधी ही, आज गादीवरच ठेवलेली."

टक, टक, टक. "ठणठणीत!" खडू अख्खा.

"आता ताईची."

काकांनी सायकल उतरवली.  टक... कर्र! टक. टक.

"ठणठणीत," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज शेवटाला खाली गेला. मुठीवरून पांढरी पूड गादीवर सांडत होती.

"ठणठणीत आहे ना? मग खडू कुणी फोडला?" वकील म्हणाली.

"जरा जोरात दाबला असेल मी."

"मग त्या सायकलवर का नाही फुटला? लिव्हर मुठीपर्यंत गेला तरच फुटतो तो!"

सर पुढे आले. त्यांनी पुढची टांगलेली सायकल उतरवली आणि एका बोटानं एकदाच दाबलं. कर्र. आणखी एक उतरवली. ती ठीक होती. तिसरी... कर्र.

"डबीचं टोपण उघडून तेल शेवटचं कधी पाहिलंत?" सरांनी विचारलं.

काका खाली बसले. "चकती आवळणारे पॅड झिजले की डबीतलं तेल खाली जातं, ठाऊक आहे मला," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "लिव्हर दगडासारखा लागत होता. म्हणून नाही उघडलं."

"आणि सायकली टांगायला मीच सांगितलं," सर म्हणाले. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग खोक्यांकडे. "पोरांनो, आज तुम्ही नसतात तर..."



पुन्हा पहिला

संध्याकाळी दार वाजलं. दारात सर, आणि त्यांच्या मागे खांद्यावर सायकल घेतलेले मिस्त्रीकाका. आई बाजूला झाली, पण "या" म्हणाली नाही.

"बोट सटकलं नव्हतं," सर उभ्यानंच म्हणाले. "ब्रेकच गेला होता. चूक माझी. हे या तिघांनी शोधलं. खडूच्या तुकड्यानं! मला वीस वर्षांत जे सुचलं नाही ते." त्यांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! उद्यापासून सगळ्या सायकली जमिनीवर, आणि तपासणी पहिल्या दाबाची."

मुंगीला आनंद व्हायला हवा होता. ती ताईकडे बघत होती.

"मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुम्ही आधी ब्रेकला विचारलंत. मला नाही."

 काकांनी सायकल पलंगाला टेकवून उभी केली. "नवं तेल भरलंय. तासभर टांगून, उतरवून आणलीय. लिव्हर अजून दाबलेला नाही. तूच दाब, बाळ."

ताईनं उजवा हात पुढे केला. तर्जनी लिव्हरवर ठेवली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवून बसली.  आईसुद्धा दारातून पुढे सरकली.

मग दाबलं. एकदाच.

चकती पकडल्याचा बारीकसा आवाज आला. बोट जागच्या जागी थांबलं. ताईनं डोळे मिटले. पुन्हा दाबून बघायची तिला गरज वाटली नाही.

"मुंगे," डोळे न उघडता ती म्हणाली, "हेल्मेट दिलंस का गं कुणाला?"

"दिलं की."

"कुणाला?"

"मला."

"तुला मोठं होतं ते."

"म्हणून तर पलंगाखाली ठेवलंय. तुझ्याच."