पाठमोरी

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात एक झिरा आहे. भर उन्हाळ्यातही त्यात पाणी टिकतं, म्हणून तरस, सायाळ, बिबटे सगळे तिथंच उतरतात. समोरच्या अंजनाच्या झाडाला वृषालीने माघात कॅमेरा बांधला होता. पुढे काही हललं की तो आपोआप फोटो काढायचा. जंगली जनावरांची नोंद ठेवणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती कामाला होती आणि अधूनमधून जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड बदलून आणणं हे तिचं नेहमीचं काम होतं.

वाट दाखवायला खालच्या पाड्यावरचे रुपचंदभाऊ असत. ते पाण्यापर्यंत मात्र कधी यायचे नाहीत. वरच्या वळणावरच थांबायचे. गुडघे दुखत असतील, असं वृषालीला वाटायचं.

त्या खेपेचं कार्ड तिने ऑफिसात उघडलं, तेव्हा शेजारी तिचा सहकारी जीवन बसला होता. भेकर आलं, मोर आले, सायाळीचं जोडपं आलं. आणि मग एक बाई. झिऱ्यात कमरेपर्यंत पाण्यात बसलेली, पाठमोरी. पहाटेचा धुरकट उजेड, उघड्या पाठीवर चिकटलेले ओले केस.

अशा फोटोंचा नियम साधा होता. माणूस दिसला की पुसून टाकायचा. बायाबापड्या लाकडाला जातात, पाण्याला जातात. कॅमेऱ्याबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नव्या मुलांना हा नियम वृषालीच शिकवायची. पण तिचं बोट अडलं.

"काय उजेड आलाय बघ," ती म्हणाली.

"पुसून टाक गं."

"चेहरा कुठं दिसतोय?"

आणि तिने तो फोटो वेगळा साठवून ठेवला.

धुळ्यात संस्थेचं प्रदर्शन भरलं, तेव्हा दारातच तो फोटो मोठा करून लावला होता. येणारा प्रत्येक जण तिथं थबकायचा. वृषालीला तीन-चार जणांनी हात मिळवून शाबासकी दिली. रुपचंदभाऊंचा सत्कार होता, म्हणून तेही एसटीने आले होते. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर नवा टॉवेल. त्या फोटोपुढे ते उभे राहिले ते हललेच नाहीत.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फ्रेमवर टाकला. तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. शेवटी दोन्ही हात वर करून त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"ओ काका, बघू द्या ना!" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

वृषाली धावत गेली. "भाऊ, काय झालं?"

"ही मन्ही बहीण शे." त्यांनी मान वर केली नाही. "द्रौपदा."

"मला खरंच माहीत नव्हतं हो. त्यांना विचारायला हवं होतं. मी आजच येते, त्यांच्या पाया पडते..."

"कोणले इचारानं, ताई? ती आते नही शे."

टॉवेल धरूनच त्यांनी हळूहळू सांगितलं. गेल्याच्या गेल्या वर्षी याच झिऱ्यावर ती अंघोळ करत होती. झुडपाआडून कुणीतरी मोबाईलवर तिचं चित्रण केलं. आठवडी बाजारात ते या हातातून त्या हातात फिरलं. तिने त्याच आठवड्यात विहीर जवळ केली. वर काढली तेव्हा पदर तोंडावर इतका घट्ट गुंडाळलेला होता, की तो कापावा लागला.

फोटो तर या माघातला होता.

"कॅमेऱ्याची तारीख चुकली असेल," वृषालीच्या तोंडून निघून गेलं. आणि शब्द निघताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोटू पुसी टाका," रुपचंदभाऊ म्हणाले. "बठ्ठा. एक बी ठेवू नका."

सगळ्यांच्या देखत तिने तो फोटो उतरवला. उरलेल्या प्रती फाडल्या, जिथे जिथे साठवला होता तिथून पुसला. दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा काढायला गेली. रुपचंदभाऊ आले नाहीत. बोलवायचं तोंड तिलाही नव्हतं. जीवन गाडीपाशी थांबला आणि ती एकटीच उतरली.

भर दुपार होती. पाखरू बोलत नव्हतं. झिऱ्याजवळ आल्यावर साबणाचा वास आला, ओल्या लुगड्याचा वास आला. ती झाडाकडे तोंड करून कॅमेऱ्याचा पट्टा सोडवू लागली, तोच मागे पाणी हललं. चुळबुळ... मग बांगड्यांची किणकिण... मग कुणीतरी पाण्यातून उठून उभं राहिल्यासारखी धार.

"मी बघत नाही," वृषाली पुटपुटली. डोळे गच्च मिटले. बोटांना गाठ सापडेना. "बाई, मी नाही बघत..."

मानेवर थंड थेंब पडला. दुसरा पडला. अगदी कानाशी, दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"देख ना... आते का बरं नही देखत?"

गाठ सुटली. कॅमेरा छातीशी धरून ती पळत सुटली, ती थेट गाडीपाशी थांबली.

त्या कार्डात तरस होतं, भेकर होतं, बिबट्याची मादी होती. सगळी पाठमोरी. "पाणी पिऊन परतणारं जनावर असंच दिसणार," जीवन म्हणाला. पण पाण्यावर उतरतानाही ती सगळी पाठमोरीच होती. मागचे पाय आधी पाण्यात, तोंड जंगलाकडे. एकाही जनावराचा डोळा त्या कॅमेऱ्यात आला नव्हता.

वृषालीने साक्रीचं काम सोडलं. पावसाळा सरल्यावर तिने यावलच्या जंगलात, सातपुड्यात, नवाकोरा कॅमेरा बांधला. ते कार्ड दोघांनी एकत्रच उघडलं. पहिला फोटो नेहमी बांधणाऱ्याचाच येतो. पट्टा आवळताना त्याचं तोंड भिंगापुढे असतं, त्यामुळे नाक मोठं, डोळे बटबटीत. ऑफिसात त्यावर हसायची पद्धतच होती.

कॅमेरा बांधला त्या दिवशी वृषालीने जाड जाकीट घातलं होतं, गळ्यापर्यंत चेन लावून.

फोटो उघडला. केस तिचे होते, ओले, निथळणारे. खांद्यावरचा लहानपणीचा भाजल्याचा डाग तिचाच होता. पाठीवर चिंधीसुद्धा नव्हती.

जीवन मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिला. वृषालीने पुसायचं बटण दाबलं. फोटो गेला. त्याच्या जागी पुढचा आला, तोही तिचाच. त्यात ती थोडी वळली होती.