कॅरडॉक हॉटेलचा जिना

ही घटना खरी आहे. ज्याच्यासमोर ती घडली तो डेस्मंड प्राऊस इंजिनिअर होता. जे मोजता येत नाही, त्यावर बोलणे तो टाळत असे.

मेलबर्न, फ्लिंडर्स लेन. १९६६च्या जूनमधली थंड संध्याकाळ.

जुने कॅरडॉक हॉटेल नुकतेच पाडले गेले होते. उरली होती फक्त शेजारच्या इमारतीशी सामाईक असलेली भिंत. तिच्यावर हॉटेलच्या जिन्याची तिरकी खूण दिसे.

जिना नव्हता. तिथे नुसती हवा होती.

भिंतीच्या अलीकडे, त्या शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मॉली हॅरिगनबाई टोप्या शिवत आणि तिथेच राहत. खालचे मजले रिकामे होते. भिंत सरकते आहे असे ठरले, तर ही इमारतही पाडली जाणार होती. निकाल प्राऊसने द्यायचा होता.

भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती; प्रत्येक मजल्यावर त्याने आतून तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. खात्रीसाठी भेगेवरून पेन्सिलीची रेघही ओढली.

"काय साहेब, भिंतीला मलमपट्टी?"

"काच तडकली तर कळवा, बाई."

"कळवते की! म्हणजे तुम्ही मला बोचकं बांधायला सांगाल. तेवढी बावळट नाही मी."

अंधारून आले...

खाली कुठेतरी बारीक आवाज झाला. टक्.

पहिल्या मजल्यावरची काच.

मग... दुसऱ्या मजल्यावरची.

प्राऊस टॉर्च घेऊन धावला. दोन्ही काचा मधोमध तडकल्या होत्या. पेन्सिलीच्या रेघा मात्र अखंड होत्या.

भिंत हललीच नव्हती.

तो वर परतला. बाईंच्या खोलीत विटांनी बुजवलेला एक दरवाजा होता. पूर्वी तो हॉटेलच्या जिन्यावर उघडत असे. तिथली काच त्याच्या डोळ्यांदेखत तडकली.

"ट्रामचा हादरा असेल."

"ट्राम जिना चढते का हो?"

प्राऊसने तिथलीही रेघ तपासली; ती अखंड होती. मग त्याने अहवालात रेघांची मापे नोंदवली, भिंत स्थिर असल्याचे लिहिले आणि सही केली. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

बाईंनी डोळे पुसले. चहा ओतताना त्या हळूच म्हणाल्या,

"हॉटेल होतं तेव्हा दिवसभर चढ-उतार ऐकू यायची. पाडल्यापासून रोज संध्याकाळी कुणीतरी नुसतं चढतं."

"आणि उतरतं कधी?"

बाईंनी बुजवलेल्या दरवाजाकडे पाहिले नाही. त्यांनी पाहिले ते आपल्या झोपायच्या खोलीकडे...

"उतरताना कधी ऐकलं नाही, साहेब."

ती इमारत अजून उभी आहे. बाई तिथेच राहिल्या. भिंतीच्या मापाविषयी प्राऊसला आजही शंका नाही.

आपण सही करायला हवी होती का, एवढे मात्र त्याला विचारू नये.