बाकी एक

सहा दिवस चाललेलं गणित त्या दुपारी संपणार होतं. थोरली निकाल बघायला निघाली, तेव्हा आईने दारातूनच बजावलं, "धाकटीचा आकडा खरा निघाला की आधी मला फोन कर गं."

धाकटीने चार कोटी अंकांची मूळ संख्या शोधली होती. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेच भाग जात नाही. थोरलीने याच नादात बावीस वर्षं घालवली आणि हाती भोपळा आला. धाकटी आली काय, दोन वर्षांत नाव काढून मोकळी! सख्ख्या बहिणींत कसला आलाय हेवा म्हणतात. अहो, सख्ख्यातच तर असतो. थोरली आतून जळत होती.

तपासणी दोन यंत्रांवर, दोघांनी, एकमेकांना न विचारता करायची. या कसोटीत साध्या भागाकाराच्या उलट: शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, दुसरं काहीही उरलं तर बाद. पहिली तपासनीस थोरली. धाकटीनेच हट्ट धरला होता, "ताईच बघेल. तिच्याइतकं बारीक कोण बघतं?"

यंत्रांच्या खोलीत गारठा होता. पंख्यांची घरघर, तापलेल्या वायरींचा वास. पडद्यावर उमटलं: बाकी ०.

"मेली खरीच निघाली," थोरली पुटपुटली. आणि अहवालात तिने लिहिलं: बाकी १.

पंखे क्षणभर थांबले, मग परत सुरू झाले. तिने घरी फोन लावला.

"आई, धाकटीचा आकडा चुकला गं."

"कोण धाकटी?"

"अगं... आपली धाकटी."

"ऊन लागलं की काय तुला? मला तू एकुलती एक, बाई."

खोटं कशाला बोला, ते ऐकून थोरलीला आधी गोडच वाटलं. मग ती पडद्यावरचं शून्य तसंच सोडून उठली.

ती धावतच घरी आली. धाकटीच्या खोलीत जुनी ट्रंक आणि रद्दी. बैठकीत दोघींचा लहानपणीचा फोटो होता, आई खुर्चीत आणि मागे दोघी उभ्या. उजवीकडे थोरली होती. डावीकडे कोणीच नव्हतं... पण आईच्या डाव्या खांद्यावर एक लहानसा हात तसाच होता.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या यंत्रावरचे तपासनीस होते.

"ताई, तुमची गफलत झालीय. माझ्याकडे बाकी शून्य आली."

धाकटी परत येईल! थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिला आपण लिहिलेला एक आठवला. बाकी एक, म्हणून आईला एकच लेक उरली. आणि आता...

"थांबा! ते शून्य अहवालात पाठवू नका!"

"पाठवलं की."

"आई!" थोरली किंचाळली.

आई हात पुसत बाहेर आली. तिने थोरलीकडे नीट निरखून पाहिलं, अगदी आदराने.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

भिंतीवरच्या फोटोत आई एकटीच बसली होती. दोन्ही खांद्यांवर एकेक लहान हात होता.