कोरड्या तळ्यातली थाप

"गप्प बसा. परत वाजलं." रुतिकाने तळ्याच्या बांधाला कान लावला.

धप्. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, धप्. बांधाच्या पोटातून कोणीतरी मुठीने ठोकत होतं.

ऐरोलीच्या खाडीकाठचं हे तळं या मे महिन्यात आठवड्याभरात आटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या या तिघांना त्याचा आनंदच झाला होता. रुतिका, तिचा चुलतभाऊ प्रणय आणि पलीकडच्या सोसायटीतला शिवतेज यांना सुट्टीत फुकटचं मैदान मिळालं होतं. पण काल भर दुपारी चेंडू बांधाशी गेला, हा आवाज पहिल्यांदा कानावर आला आणि क्रिकेट बंदच पडलं. आज ते तो पुन्हा ऐकायला आले होते. आसपास एक बगळा नव्हता. भेगाळलेल्या चिखलात खेकडे नांग्या वर करून मरून पडले होते. खारफुटीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"भुतं रात्री येतात ना?" शिवतेजने हळूच विचारलं. "मग ही दुपारची ड्यूटी कुनाची?"



रुतिकाची गंगूकाकी या तळ्यात हाताने खेकडे आणि निवट्यांसारखे चिखलातले मासे धरून बाजारात विकायची. त्यावरच तिचं घर चालायचं. आता तिची टोपली रोज रिकामी राहत होती. आवाजाचं ऐकून ती म्हणाली, "तलं पानी मांगतंय, पोरांनो. तिकरं जाव नको." काकीला घाबरलेलं रुतिकाने आजवर कधी पाहिलं नव्हतं.

त्यात उद्या सकाळी सुचिता मॅडम येणार होत्या. तळ्याच्या जागी मोठी गोदामं उभी राहायची होती. त्यामुळे इथल्या पाण्याचं, पक्ष्यांचं, माणसांचं काय होईल हे आधी पाहून अहवाल द्यायचा, हे मॅडमचं काम. त्यांना कोरडी जमीन दिसली तर त्या तसंच लिहिणार, मग भराव पडणार आणि काकीचं तळं कायमचं जाणार.

"काल आवाज कधी आला?" रुतिकाने विचारलं.

"जेवायच्या आधी," प्रणय म्हणाला. "आज जेवन झाल्यावर. भूतपण रोज लेट येतंय."

रुतिका ताडकन उभी राहिली. "रोज थोडी उशिरा भरती येते, प्रण्या. खाडीच ठोकतेय!"

"मग मागच्या आठवड्यात का नाय ठोकली?"

"तेव्हा भांगाचे दिवस होते, पानी फार चढत नाय. उद्या पुनव. आता उधाण लागलंय."

भरतीचं पाणी तळ्यात यायचं ते बांधाखालच्या पाइपातून. तिघं तिकडे धावले. पाइपाच्या तोंडावर ताज्या मुरुमाचा ढीग होता. हातांनी उकरल्यावर आत गच्च कोंबलेल्या गोण्या आणि एक फळी लागली. शिवतेजने फळीवर तळहात ठेवला. पलीकडून धक्का बसला, तसा त्याने हात मागे ओढला.

"लका, पलीकडं कायतरी जितं हाय."

"खाडी आहे," रुतिका म्हणाली. पण तीही एक पाऊल मागे सरली.

"काढूया?"

"नको. हे गोदामवाल्यांचंच काम. आज काढलं तर ते परत बुजवतील. उद्या मॅडमना ऐकू दे."

मुरूम होता तसा लोटून तिघं घरी गेले.

सकाळी गोदामांच्या कंत्राटदाराचे सुपरवायझर बाबासो मॅडमना घेऊन आले. "ऊन व्हायच्या आत उरकू, मॅडम. सगळा माळच हाय बगा." ओहोटी होती. बांध मुकाट पडून होता.

प्रणयने मॅडमना एकेक मेलेला खेकडा दाखवला. शिवतेजने पक्ष्यांची पिसं वेचून आणली. मॅडमनी सगळं नीट पाहिलं, पण शेवटी त्या गाडीकडे निघाल्याच. रुतिका धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"मॅडम, प्लीज भरतीपर्यंत थांबा. माझ्या काकीचं पोट आहे या तळ्यावर."

"पोरांचं काय ऐकताय!" बाबासो खेकसले.

मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या बांधालगतच्या काकीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. ऊन चढलं. रस्त्यावर चिटपाखरू उरलं नाही. बाबासो घाम पुसत बसले होते.

धप्.

"हे काय?" मॅडम उठल्या.

"कुठं काय?" बाबासोंचा आवाज चिरकला.

धप्. या वेळी बांधावरची मातीही ढासळली.

रुतिकाने पाइपाचं तोंड दाखवलं. मॅडमनी मुलांना लांब उभं केलं आणि बाबासोंबरोबर आलेल्या कामगारांना मुरूम काढायला लावला. फळी सुटली आणि काळपट पाणी फेसाळत आत घुसलं. तळ्याच्या भेगाभेगांतून ते पुढे सरकलं, तसे जमिनीतून बुडबुडे निघू लागले. कोरड्या चिखलाचा चर्र आवाज सगळीकडून येत होता.

"भांगात तळं ओहोटीला रिकामं होऊ दिलं आणि तोंड बुजवलं," रुतिका म्हणाली. "उधाणाचं यांच्या ध्यानातच नाय आलं."

बाबासो गाडीकडे सरकू लागले.

"शाब्बास, पोरांनो," मॅडम म्हणाल्या. "मी आज कोरडी जमीन समजून निघालेच होते. आता भरलेल्या तळ्याची पुन्हा पाहणी होईल. आणि बाबासो, हे कोणी बुजवलं तेही अहवालात येईल."

 गंगूकाकी पाण्यात घोट्यापर्यंत शिरली, वाकली आणि तिने दोन्ही हात पाण्यात घातले.

"गार हाय गो," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. रुतिका चपला काढून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.