शून्य लोकसंख्येची वस्ती

“साहेब, शून्य माणसं कपडे वाळत घालतात का हो?”

भिंगरीनं विचारलं आणि अख्ख्या कचेरीत पंख्याचा खडखडाट तेवढा उरला. दाराबाहेर तिची मैत्रीण चष्मिष्ट आणि दोस्त लंबू तोंड दाबून हसत होते. ‘हिंमत असेल तर जाऊन विचार,’ असं त्या दोघांनीच तिला डिवचलं होतं. आणि भिंगरीला डिवचलं की झालंच! शाळेत पहिल्यांदा भाषण ठोकल्यापासून ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

पंचाईत एवढीच, की समोर बसलेला जनगणनेचा कारकून तिचाच बाप होता.

“इथे साहेब म्हणतेस, घरी मात्र ऐकत नाहीस,” बाबा म्हणाले. सगळे हसले. “कसले कपडे?”

“सुट्टीचा प्रकल्प आहे ना आमचा, तालुक्याचा भूगोल आणि लोकसंख्या!” तिनं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. कोपऱ्यात शहर, सांडलेल्या शाईसारखं पसरलेलं. मग नदी, पलीकडे बोडकी टेकडी, आणि टेकडीमागच्या वस्तीपुढे आकडा शून्य. “काल सायकलवरून तिथे गेलो. चौदा घरं, चौदा कुलपं. पण दोरीवर ओले कपडे!”

“तीन खेपा घातल्या मी. तिन्ही वेळा कुलपं. तीनदा कुलूप दिसलं की ओसाड लिहायचं, असा नियम आहे.”

“किती वाजता गेला होतात?”

“कचेरीच्या वेळात! मग काय पहाटे उठून जाऊ?”

शेजारच्या टेबलावरचे काका कागदांतून मान वर न काढता म्हणाले, “उद्या दहाला मशीन जातंय तिथे. घरं पाडायची आहेत, शहराचा कचरा टाकायला जागा हवीय. जा, खेळा आता.”

खेळा? भिंगरीचं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तिघं वस्तीवर हजर झाली. प्रत्येक दारावर खडूची फुली होती. शेवटून तिसऱ्या दारापाशी चष्मिष्ट एकदम थबकली. आतून कुणीतरी खोकलं!

“सूनबाई, आज लवकर आलीस?”

खिडकीच्या गजांमागे सुरकुतलेला चेहरा दिसला.

“आजी! तुम्हाला कोंडलंय?”

“कोंडलंय कसलं! मी विसरभोळी. दार उघडं राहिलं की नदीकडे चालायला लागते. म्हणून सून कुलूप घालते. रडत घालते हो, पण घालते.”

“बाकीचे कुठे आहेत?”

“पाचच्या ट्रकनं शहरात. सून दवाखान्यात फरशी पुसते, मुलगा विटा वाहतो. शेजारीण दुसऱ्याची पोरं सांभाळते, आपली काखोटीला मारून. अंधार पडल्यावर येतात सगळी.”

“आजी, एकूण किती माणसं राहता?”

“अठ्ठावन्न,” आजी ठासून म्हणाल्या. “एक पोटातलं धरून.”

भिंगरी गर्रकन वळली. “लंबू, पळ! बाबांना घेऊन ये. ऐकलं नाही तर ओढून आण!”

लंबू सुसाट सुटला. तो दिसेनासा होतो न होतो तोच जमीन हादरायला लागली. मशीन आलं होतं, दहाच्याही आधी!

“थांबा! थांबा!” दोघी ओरडत धावल्या. पण कडेच्या घराची भिंत आडवी झालीच. धूळ बसली तेव्हा पत्र्याखालून एक मोडका पाळणा डोकावत होता. शेजारी झाकून ठेवलेल्या जेवणात माती पडली होती.

“बाजूला व्हा गं,” मशीनबरोबर आलेला ठेकेदार खेकसला. “कागदावर शून्य आहे.”

“तिकडे आत आजी आहेत!”

“बाहेरून कुलूप आणि आत माणूस? कुणाला शेंड्या लावता?”

“आजी, आवाज द्या ना!” चष्मिष्ट खिडकीशी जाऊन किंचाळली.

आत चिडीचूप. खिडकीत कुणीच नव्हतं. मशीन त्या दाराकडे वळलं.

भिंगरीनं वहीचं पान टर्रकन फाडलं आणि ठेकेदारापुढे धरलं. “मग एवढंच लिहून द्या! ‘मी स्वतः आत पाहिलं, आत कुणीही नाही.’ आणि खाली सही करा!”

ठेकेदाराच्या खिशाला पेन होतं. हात काही तिकडे जाईना.

इंजिन बंद झालं. मशीनवाला खाली उतरला. “करा ना सही, साहेब. मग चालवतो.”

“तू कुणाचा माणूस आहेस रे?”

“माझीही म्हातारी घरी एकटीच असते,” तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून सरळ दगडावर बसला.

थोड्या वेळानं लंबूच्या सायकलवर मागे बसून बाबा आले. त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा दारावरच्या फुलीकडे. मग दगड उचलून कुलूप फोडलं. आजी खाटेखाली होत्या, तोंडावर स्वतःचाच हात दाबून.

“मला वाटलं, गप्प बसलं की निघून जातील,” त्या म्हणाल्या.

दुपारी मोठे साहेब आले. काम थांबलं, नवी गणती ठरली, तीही दुसऱ्याच दिवशी पहाटे चारला. साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. “शाब्बास! आमच्या सगळ्या कचेरीला दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत!”

भिंगरीला एरवी आभाळ ठेंगणं झालं असतं. पण संध्याकाळी कडेच्या घरातली माणसं परतली, ती तिनं पाहिली. पाच जण. ढिगाऱ्यापुढे डबे हातात धरून नुसते उभे होते.

घरी बाबांनी ताटाला हात लावला नाही. आईच बोलली. “उद्या चौकशी आहे. तुला विचारतील. एवढंच सांग, बाबांना आधीच शंका आली होती, त्यांनीच तुम्हाला बघायला पाठवलं. नोकरी वाचेल गं.”

बाबांनी आईला अडवलं नाही. तेच भिंगरीला सगळ्यात जास्त लागलं.

“नाही, आई. बाबांनी पाठवलं नव्हतं, आणि मी तेच सांगणार. आणि बाबा, पहाटे चारला मी वस्तीवर जाणार आहे. सगळ्यात आधी त्या पाच जणांच्या दारात. दार उरलं नाहीये, तरी. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर. नाहीतर एकटी.”