नवरीचा काठ

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या हातातला अननस खाऊन टाकला.

बेटावरच्या सुवा शहराच्या बाजारात, पत्र्याखाली, वासिती पाऊस थांबायची वाट बघत होती. शेजारच्या उंच मुलाने गाव विचारलं, तिने सांगितलं, आणि... फोड तिच्या बोटांतून थेट त्याच्या तोंडात! ती भडकणार तोच त्याने आपलं गाव सांगितलं. मग हसण्यावाचून इलाज नव्हता. दोघांची गावं तौवू होती. पूर्वजांपासूनचं थट्टेचं नातं. एकमेकांचं वाट्टेल ते उचलावं, वाट्टेल ते बोलावं. रागवायचं नाही आणि माफीही मागायची नाही.

काय गोड दिवस होते ते! अपेनिसा रोज संध्याकाळी यायचा. वासिती झाडाच्या सालीच्या कापडावर, मासीवर, नक्षी छापत बसलेली असायची. इस्पितळातल्या जुन्या एक्स-रे फिल्म कापून तिने छाप बनवले होते.

"कुणाच्या बरगडीतून फुलं काढतेस गं?"

"तुझ्याच काकाची असेल. झोपेत पडून मोडलेली दिसतेय."

"आणि हा काठ?"

"आईचा..." तिचा हात थांबला. "ती गेली, काठ राहिला. फक्त आमच्या घरच्या नवरीच्या अंगावर असतो."

"तुला कोण नवरी करून घेणार?" म्हणाला खरा, पण नजर तिच्यावरून हलेना. मग खुशाल त्याने काठाचा फोटो काढला. तीही हसली. तौवूला नाही कसं म्हणणार?

अपेनिसा एका कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून नक्ष्या करवून घ्यायचा. काही महिन्यांनी वासिती एका हॉटेलात मासी पोचवायला गेली, आणि न्हाणीघराच्या पडद्यांवर तिला आईचा काठ दिसला. भलत्याच कुठल्या बेटाच्या लाटांत मिसळलेला, खोलीखोलीत, साबणाच्या फेसाने माखलेला. ती तिथेच रडली.

त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. तिने फक्त हसणं बंद केलं.

एका रविवारी, प्रार्थनेनंतर, अपेनिसा काकांना घेऊन दारात आला. इस्त्रीचा सदरा, हातात, मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी. चटईवर मान खाली घालून बसला.

"पडदे उतरवले हॉटेलवाल्यांनी. पण मशीन जे शिकलं ते विसरत नाही म्हणतात... मला वाटलं, अननसासारखंच. तुझंच तर घेतोय."

"तू घेतलंस रे. पण ते मशीन कुठल्या गावचं? त्याचं आमच्याशी नातं काय?"

"काही नाही. म्हणूनच माफी मागायला आलोय."

वासितीची मावशी दचकली. "अरे, तौवूत माफी? मग थट्टेचं नातं संपलं की तुमचं!"

"संपू दे, मावशी." त्याने मान वर केली. "मला असं नातं हवंय... की तिला माझ्यावर रागवता येईल."

आणि मग वासिती रागावली! कित्येक दिवसांचं साठलेलं सगळं, रडत, भांडत, मनसोक्त बोलली. तो ऐकत राहिला. शेवटी तिनेच पुढे होऊन त्याच्या हातातली जुडी घेतली. मावशी डोळे पुसत यांगोना कालवायचं भांडं आणायला उठली.

लग्नात तिच्या अंगावर आईचा काठ नव्हता. तो तिने पुन्हा कधीच छापला नाही. त्या दिवसासाठी तिने स्वतः नवा कापला होता, आणि त्याचा फोटो कुणालाच काढू दिला नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा.