कुणाचं 'वाढव'?

थंडीशी माणूस पहिल्यापासून हुज्जत घालत आलाय. आधी गुरांच्या पाठीला पाठ लावून निजायची माणसं. मग चूल आली, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी आली, शेगडी आली. आणि जिला सगळे थोरली म्हणत, त्या आजीच्या घरात आता गॅसचा हीटर आला होता, खास नातवासाठी.

तिन्हीसांजेला सून अंघोळीला निघाली. "आई, बाळाजवळ बसता? आणि खिडकी उघडू नका हं! तुम्हाला भारी खोड."

"नाही गं बाई. जा, पाणी निवेल."

थोरली पलंगाशी बसली. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. हीटर बारीक सुंऽऽ करत होता. बाळ गाढ झोपलेलं.

हीच ती खोली. थोरली या घरात नवी नवरी होती, तेव्हा तिच्या नवऱ्याची आत्या इथेच आजारी पडून असायची. या घरात 'विझव' म्हणणं अशुभ. दिवा असो की शेगडी, विझवायचं झालं तर म्हणायचं 'वाढव'. थोरलीच्या माहेरी असलं सोवळं नव्हतं. तिथं विझव म्हणजे विझव, वाढव म्हणजे वाढव. एका संध्याकाळी आत्याबाई पडल्या आवाजात म्हणाल्या, "शेगडी वाढव गं... जीव घाबरतोय."

म्हातारीला हुडहुडी भरली असेल, म्हणून हिनं आणखी कोळसे घातले, फुंकून लालबुंद केले आणि वारा नको म्हणून दार घट्ट ओढून घेतलं. मायेनंच केलं हो सगळं.

सकाळी आत्याबाई गार पडलेल्या. कोळशाचा वायू कोंडला, डॉक्टर म्हणाले. "काय म्हणाल्या होत्या तुला?" सासूनं विचारलं. हिनं सांगितलं. "अगं, ते या घरचं 'वाढव' होतं," सासू म्हणाली. पुढे कुणी हिला बोल लावला नाही, आणि तेच हिला जन्मभर टोचत राहिलं.

हीटरचा आवाज दबल्यासारखा झाला. खोलीत कोळशाचा वास आला, ओल्या राखेत मिसळलेला.

"वाढव गं..." भिंतीकडून तोच पडला आवाज.

थोरलीचा हात हीटरच्या बटणावर गेला आणि तिथंच थिजला.

"आत्याबाई... नीट सांगा हो. तुमच्या घरचं वाढव, की माझ्या माहेरचं?"

नुसता धापेचा आवाज, तुटक... तुटक...

तिनं बटण बंद केलं. चिंध्या उपसल्या, खिडकी सताड उघडली. बर्फासारखा वारा आत घुसला. बाळाशेजारी बसून ती पुटपुटत राहिली, "तेव्हाच विचारायला हवं होतं हो... एवढंच तर विचारायचं होतं..."

"आई! काय केलंत हे?" ओल्या केसांनी सून धावत आली, बाळाला उचललं आणि थबकली. "हा गाल बघा... गारठलाय नुसता. आणि हा बघा."

भिंतीकडचा गाल लाल, ऊन ऊन होता. कुणी छातीशी धरून ठेवावा तसा.

"त्या बाजूनं जवळ घेतलं होतंत का?"

थोरलीनं पाहिलं. पलंग भिंतीला चिकटून होता. मध्ये हात शिरायलाही जागा नव्हती.

बाळ मात्र तिकडेच मान वळवून रडायला लागलं.